माचू पिच्चूच्या वाटेवरील वाङ्मय

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ज्या मोजक्या स्थळांनी निरनिराळ्या देशांतील लेखकांना लिहावयास भाग पाडले, त्यांत पेरू देशातील माचू पिच्चू या उद्ध्वस्त इंका नगरीची गणना करावी लागेल. संशोधकांनी तिच्यावर लिहिले, कवींनी लिहिले, पुढे क्रांतिकारक म्हणून गाजलेल्या एका तरुण वैद्याने लिहिले, आणि सुट्टी काढून चार दिवस डोंगर तुडवून आलेल्या असंख्य हौशी प्रवाशांनीही लिहिले. हे सर्व लेखन वाचून काढणे कोणासही शक्य नाही व त्याची आवश्यकताही नाही. परंतु त्यातील जे जाणत्या वाचकाच्या नजरेखालून जाण्याजोगे आहे, ते एकामागून एक वाचले असता एक प्रश्न मनात उभा राहतो. नगरी बांधणारे कोण होते, असे यातील बहुतेकांनी कळवळून विचारले आहे. लेखकाचे स्वतःचे सामान त्या डोंगरावर कोणी नेले, हे मात्र फार थोड्यांनी सांगितले आहे. या दोन प्रश्नांतील अंतर हाच आमच्या या लेखाचा विषय होय.

प्रथम त्या वाटेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. इंकांची राजधानी कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेली आहे. तेथून उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरावयाचे आणि रेल्वेमार्गावरील ८२व्या किलोमीटरच्या खुणेपासून पायी निघावयाचे. पुढील सुमारे ४२ किलोमीटरांची चाल चार दिवसांत पुरी होते. पहिला दिवस नदीकाठाने सौम्यपणे जातो आणि पाताय्याक्ता येथील शेतीच्या पायऱ्या-पायऱ्यांचे अवशेष दृष्टीस पडतात. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का ही ४,२१५ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते. या केचुआ नावाचा अर्थ ‘मेलेली बाई’ असा आहे, कारण खालून पाहता त्या कड्याची आकृती उताण्या पडलेल्या स्त्रीसारखी दिसते. तिसऱ्या दिवशी रुंकुराकाय, सायाकमार्का, ढगांच्या वर वसलेले फुयुपातामार्का आणि तेथून हजारो दगडी पायऱ्या उतरून आमरीच्या फुलांच्या ओल्या रानात दडलेले विन्याय वायना, अशी अवशेषांची मालिकाच लागते. चौथ्या दिवशी पहाटेच्या अंधारात उठून इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, गाठावयाचे. तेथून खाली २,४३० मीटर उंचीवर माचू पिच्चू प्रथमच संपूर्ण दिसते. ढग नसतील तर!

या वाटेचा काही भाग १९१५ मध्ये हायरम बिंगहॅम याच्या तुकडीने उजेडात आणला आणि उरलेल्या अवशेषांचा शोध १९४०-४१ मध्ये पॉल फेयोश याच्या मोहिमेने घेतला. हा फेयोश मूळचा हंगेरियन, आणि मानववंशशास्त्राकडे वळण्यापूर्वी चित्रपटांचा दिग्दर्शक होता, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो. कारण ही वाट खरोखरच एखाद्या कुशल दिग्दर्शकाने रचावी तशी आहे. माचू पिच्चूला पोहोचण्यासाठी नदीकाठचा मार्ग जवळचा पडला असता. तरीही इंकांनी वाट उंचावरून, दोन-दोन खिंडी चढवून, मध्ये स्नानाची कुंडे बांधून नेली. ती राजाच्या आणि देवतांच्या यात्रेसाठीच अशी मुद्दाम योजिली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ती खरी मानली तर ही वाट म्हणजेच एक पाषाणात रचलेली साहित्यकृती ठरते. तिला आरंभ आहे, कष्टाचा मध्य आहे, आणि फळ शेवटच्या क्षणापर्यंत दृष्टीआड ठेवण्याचे कौशल्य आहे.

आधुनिक प्रवासी तिच्याविषयी लिहू लागला की याच रचनेच्या आहारी जातो. दुसऱ्या दिवशीच्या खिंडीवर धाप लागणे, विरळ हवेने डोके दुखणे, कोकाची पाने चघळणे, स्वतःच्या देहाशी झगडा, तिसऱ्या दिवशी निसर्गाशी तादात्म्य, चौथ्या पहाटे सूर्यद्वारी कृतार्थता: असा ठरीव क्रम आम्ही इतक्या लेखनांत वाचला आहे की लेखकाचे नाव झाकून ठेवले तर एकाचे लेखन दुसऱ्याचे म्हणून सहज खपेल. या लेखनात खोटे काही नसते. दम खरोखरच लागतो, डोळेही खरोखरच भरून येतात. उणीव आहे ती निराळीच. कायद्याने या वाटेवर परवानाधारक वाटाड्यावाचून कोणासही जाता येत नाही, आणि दररोज एकूण ५०० जणांनाच प्रवेश मिळतो. या ५०० मध्ये निम्म्याहून अधिक माणसे हमाल, स्वयंपाकी आणि वाटाडे अशी असतात. म्हणजे कोणत्याही दिवशी या वाटेवर चालणाऱ्यांत हौशी प्रवासी हा अल्पसंख्य असतो. त्याचे वर्णन वाचताना मात्र संपूर्ण डोंगरावर तो आणि त्याचा आत्मा एवढेच दोघे होते असा समज व्हावा!

सकाळी प्रवासी न्याहारी करून निघाला की मागे तंबू उपटले जातात, भांडी घासली जातात, सर्व बिऱ्हाड पाठीवर बांधले जाते, आणि वाटेत त्याच प्रवाशाला मागे टाकून ही माणसे पुढे पळत जातात. प्रवासी धापा टाकीत मुक्कामास पोहोचतो तो तंबू उभा आणि चहा तयार. पेरूमध्ये २००१ साली ओझेकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांच्या पाठीवरील भारावर २० किलोंची मर्यादा घालण्यात आली. असा कायदा करावा लागला, एवढ्यावरून त्यापूर्वीच्या परिस्थितीची कल्पना वाचकांनी करावी. हिमालयाच्या पायथ्याशी ज्यांच्या नेमणुका झाल्या आहेत, किंवा ज्यांनी वडीलधाऱ्यांना केदारनाथास कंडीतून नेले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

प्रवासवर्णनांत या माणसांना एकच हक्काचा प्रसंग मिळतो. तिसऱ्या संध्याकाळी निरोपाचा छोटा समारंभ होतो. हमाल एका ओळीत उभे राहतात, आपापले नाव आणि गाव सांगतात, बक्षिसी स्वीकारतात. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवासी सूर्यद्वाराकडे निघतात तेव्हा हमाल बहुधा ओझी घेऊन दुसऱ्या बाजूने परतीची आगगाडी पकडण्यासाठी खाली उतरलेले असतात. चार दिवस वाहून आणलेल्या नाटकाचा शेवटचा अंक त्यांच्यावाचूनच होतो. आणि नावे सांगितली गेली ती पुस्तकात येतच नाहीत, किंवा आली तर एका वाक्यात येतात.

हा दोष आजच्या हौशी लेखकांचाच असता तर आम्ही त्यावर लेखणी उचलली नसती. परंतु त्याची परंपरा थोरांपासून चालत आलेली आहे. तिचा आरंभ बिंगहॅमच्या १९४८ सालच्या ग्रंथात पाहावा, ज्याचे नाव मराठीत ‘इंकांची हरवलेली नगरी’ असे होईल. येल विद्यापीठाचा हा अध्यापक २४ जुलै १९११ रोजी माचू पिच्चूवर चढला. ग्रंथ लिहिला तो सदतीस वर्षांनंतर, सत्तरी उलटल्यावर, मध्यंतरी अमेरिकेच्या सेनेटमध्ये बसून आल्यावर. कथनाची हातोटी त्याला उत्तम साधली आहे, हे प्रथमच मान्य करू. पावसाची झिमझिम, सोबत्यांची नाखुशी (एकाला नदीकाठची फुलपाखरे अधिक प्रिय, दुसऱ्याला कपडे धुवावयाचे होते), खळाळत्या नदीवरील ओंडक्यांचा पूल हातापायांवर रांगत ओलांडणे, आणि मग झाडोऱ्यातून अकस्मात प्रकटलेली शुभ्र ग्रॅनाइटची भिंत: हे वाचताना साठ पाने केव्हा सरली ते कळत नाही.

परंतु याच पानांत इतर माणसेही आहेत, आणि त्यांच्याकडे लक्ष दिले की कथा निराळी दिसू लागते. मेल्चोर आर्तेआगा हा तेथला रहिवासी त्याला वर घेऊन गेला, तो एक सोल मजुरी कबूल केल्यावर. नेहमीच्या रोजाच्या मानाने ही रक्कम कितीतरी पट होती. सरकारने संरक्षणासाठी दिलेला कारास्को नावाचा सार्जंट केचुआ भाषेचा दुभाषा म्हणून बरोबर होता. वर पोहोचल्यावर शेतकरी कुटुंबांनी थंडगार पाणी आणि उकडलेली रताळी पुढे केली. ही कुटुंबे इंकांनी बांधलेल्या पायऱ्यांवरच शेती करीत होती, आणि शेवटी अवशेषांपर्यंत साहेबांना घेऊन गेला तो त्यांच्यातलाच एक लहान मुलगा. त्या अवघड जागी ते का राहिले होते, याचे कारण बिंगहॅम प्रामाणिकपणे नोंदवितो: तेथे करवसुली करणारे आणि लष्करात भरती करणारे सरकारी अधिकारी फारसे येत नसत. आमच्या वाचकवर्गाने हे वाक्य थोडे थांबून वाचावे. ज्यांनी जिल्ह्याचे दौरे केले आहेत, पुढे पट्टेवाला आणि मागे तलाठी असे गावात शिरले आहेत, त्यांना समोर आलेल्या पाण्याच्या तांब्यामागील भाव ओळखता येईल.

यापुढचा मुद्दा वाङ्मयीन प्रामाणिकपणाचा आहे. त्या नगरीच्या एका भिंतीवर कोळशाने आगुस्तिन लिसार्रागा हे नाव आणि १९०२ हे साल लिहिलेले बिंगहॅमला आढळले. हा कुस्को प्रांतातीलच एक जमीन कसणारा मनुष्य; तो बिंगहॅमच्या नऊ वर्षे आधी तेथे पोहोचला होता. बिंगहॅमने आपल्या त्या वेळच्या रोजनिशीत त्याचाच शोधकर्ता म्हणून उल्लेख केला. १९४८ च्या ग्रंथात हे नाव नाही. भिंतीवरची अक्षरेही पुढे पुसली गेली. शोध लागण्याचा क्षण एकाच पुरुषाच्या वाट्यास यावा म्हणून कथनाने केलेली ही काटछाट आहे, आणि ती कलेच्या दृष्टीने परिणामकारक ठरली, हीच अडचण होय. बिंगहॅमचे सिद्धांत टिकले नाहीत. माचू पिच्चू हीच इंकांची शेवटची राजधानी विल्काबाम्बा, हे त्याचे म्हणणे चुकीचे ठरले. ती राजधानी एस्पिरितु पाम्पा येथे होती, आणि तेथे १९११ मध्येच जाऊनही त्याला तिचे महत्त्व उमगले नव्हते. सूर्यदेवतेच्या कुमारिकांचे नगर ही कल्पनाही गळून पडली, कारण तेथील सांगाड्यांत स्त्रियांचे आणि पुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. सिद्धांत असे कोसळले. कथा मात्र अद्याप उभी आहे, आणि प्रत्येक नवा प्रवासी सूर्यद्वारी उभा राहून आपण ती नगरी प्रथमच शोधून काढली अशा आविर्भावात लिहितो तो याच कथेच्या प्रभावामुळे.

पाब्लो नेरूदाचे काव्य सर्वस्वी वरच्या पायरीवरचे आहे. नेरूदाविषयी आमच्या वाचकांना एक आपलेपणा वाटावयास हरकत नाही, कारण तोही परमुलखी नेमणुकांवर आयुष्याचा मोठा भाग काढलेला सरकारी नोकर होता. १९२७ पासून काही वर्षे रंगून, कोलंबो, बटाविया, सिंगापूर येथे चिली देशाचा वकील म्हणून त्याने एकाकी दिवस काढले. १९२८ मध्ये तो कलकत्त्यासही येऊन गेला होता. मेक्सिकोतील पद सोडून मायदेशी परतताना १९४३ च्या ऑक्टोबरात तो घोड्यावरून माचू पिच्चूस गेला. दोन वर्षांनी, १९४५ मध्ये, त्याने ‘माचू पिच्चूची शिखरे’ हे बारा सर्गांचे काव्य लिहिले, आणि १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘कांतो हेनेराल’ या महाकाव्यसदृश ग्रंथाचा ते एक भाग झाले.

या काव्याची रचनाही चढणीची आहे. पहिल्या पाच सर्गांत शहरांतील क्षुद्र, रोजच्या मरणाने पोखरलेला मनुष्य आहे. सहाव्यात कवी पृथ्वीच्या शिडीवरून वर येतो. नवव्यात क्रियापदांवाचून केवळ विशेषणांची आणि उपमांची अखंड माळ ओवलेली आहे, तिचा नाद आमच्याकडील सहस्रनामाच्या पठणाची आठवण करून देतो. आणि मग दहाव्या सर्गात एकदम स्वर बदलतो. एवढी दगडावर दगड रचलेली वैभवशाली नगरी पाहून कवी विचारतो, यात माणूस कोठे होता? तो उपाशी होता काय? स्तुती करता करता स्वतःच्याच स्तुतीवर उलटून येणारा हा प्रश्न विसाव्या शतकातील काव्याच्या अत्युच्च क्षणांपैकी एक आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. बिंगहॅमने भिंत पाहिली; नेरूदाने भिंतीखाली दबलेला पाहिला.

तथापि दोन गोष्टी आम्हांला खटकतात. नेरूदा त्या अज्ञात पाथरवटांना, थंडीत कुडकुडणाऱ्यांना, अनवाणी चालणाऱ्यांना हाक मारतो, आणि त्या सर्वांना ‘हुआन’ हे एकच नाव देतो. हुआन म्हणजे स्पॅनिश भाषेतील सर्वांत सामान्य नाव, आपल्याकडील गणू-धोंडूसारखे. सामान्य माणसाचे प्रतीक म्हणून ते योजले आहे, हे आम्ही समजतो. पण पंधराव्या शतकात माचू पिच्चूचे चिरे घडविणाऱ्या एकाही मनुष्याचे नाव हुआन असणे शक्य नव्हते. स्पॅनिश माणूस त्या भूमीवर अद्याप उतरावयाचा होता. जेत्यांच्या पाद्र्यांनी जे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी लादले तेच कवी प्रेमाने मेलेल्यांनाही देतो. दुसरी गोष्ट शेवटच्या सर्गातील. तेथे कवी मृतांना सांगतो की तुम्ही माझ्या मुखातून बोला. आवाहन उदात्त आहे. परंतु दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा हा अधिकार आम्ही कचेऱ्यांतून इतक्या वेळा वापरला आणि वापरलेला पाहिला आहे की त्याच्याकडे थोड्या सावधपणे पाहण्याची आम्हांस सवय झाली आहे. अर्जदार दाराबाहेर उभा असताना त्याच्यातर्फे टिपण लिहिणारा लेखनिक कितीही सहृदय असला, तरी टिपण त्याचेच असते. नेरूदाच्या वेळी केचुआ बोलणारे जिवंत लोक त्याच डोंगरावर राहत होते. काव्यात त्यांना जागा मिळत नाही, मृतांना मिळते.

तरुण अर्नेस्तो गेवाराने १९५२ च्या आपल्या भ्रमंतीत माचू पिच्चू पाहिले आणि पुढल्याच वर्षी त्यावर एक लेखही छापला. त्याच्या रोजनिशीत अवशेषांपेक्षा आगगाडीतील तिसऱ्या वर्गाचे वर्णन आम्हांला अधिक मोलाचे वाटते. तेथील डब्यांची तुलना तो आपल्या देशातील गुरे वाहून नेणाऱ्या डब्यांशी करतो. मार्क अॅडम्स या अमेरिकन संपादकाने २०११ मध्ये बिंगहॅमच्या मार्गावरून फिरून लिहिलेले विनोदी पुस्तकही वाचनीय आहे. त्यात खेचरवाले आणि स्वयंपाकी यांना नावे आहेत, स्वभाव आहेत, ते लेखकाची थट्टाही करतात. एवढी सुधारणा शंभर वर्षांत झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

नेरूदाचा प्रश्न नवा होता काय? तो नवा नव्हता, आणि ही गोष्ट या विषयावरील चर्चेत क्वचितच सांगितली जाते. स्पॅनिश सरदार आणि इंका राजकन्या यांचा पुत्र गार्सिलासो दे ला वेगा हा १५३९ मध्ये कुस्को येथे जन्मला, एकविसाव्या वर्षी स्पेनला गेला आणि परत कधी आला नाही. परदेशी बसून, लहानपणी आईच्या नातलगांकडून ऐकलेल्या आठवणींच्या आधारे त्याने इंकांचा इतिहास लिहिला. तो १६०९ मध्ये छापला गेला. त्यात कुस्कोजवळील साक्सायवामान या महादुर्गाच्या बांधकामाची हकीगत आहे. एक प्रचंड शिळा वीस हजार माणसे दोरांनी ओढीत आणीत होती. एका चढणीवर ती निसटली, तीन-चार हजारांना चिरडून गेली, आणि मग दमून तेथेच बसली. दुर्गापर्यंत ती पोहोचलीच नाही. लोक तिला ‘थकलेला दगड’ म्हणत आणि ती रक्ताचे अश्रू रडली असे सांगत. गार्सिलासो विवेकी लेखक असल्यामुळे खुलासा करतो की दगड रडत नाहीत, ओढणाऱ्यांच्या कष्टांमुळे ही कथा प्रचलित झाली असावी. परंतु त्याचा खुलासा बाजूस ठेवून कथाच पाहा. राज्यकर्त्यांच्या वैभवाला दगडच साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. मूळ केचुआ भाषकांच्या तोंडी ही कथा नेरूदाच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी होती, आणि तिला कोणाच्या मुखाची उसनवारी करावी लागली नव्हती.

इंकांच्या राज्यात श्रमाची पद्धत पाळीपाळीने राबण्याची होती, तिला मिता म्हणत. याशिवाय राजांच्या खासगी जागिरींवर दूरदूरच्या मुलखांतून कायमचे आणून वसविलेले सेवक असत. माचू पिच्चू ही पाचाकुती या राजाची अशीच एक जागीर होती. तेथे पुरलेल्या ३४ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या सेवकवर्गातील लोक अँडीजच्या डोंगरांतून, समुद्रकिनाऱ्यावरून, अॅमेझॉनच्या अरण्यातून आलेले होते, असे त्यातून निष्पन्न झाले. निरनिराळ्या मुलखांची ही माणसे एकाच कामावर आणि एकाच डोंगरावर परगावी मेली. त्यांच्या मातृभाषा कोणत्या होत्या, हे आता त्यांच्या हाडांवरून कळणार नाही.

या पार्श्वभूमीवर होसे मारिया आर्गेदास याची ‘खोल नद्या’ ही १९५८ मधील कादंबरी वाचावी. तिच्यात माचू पिच्चू येत नाही, तरीही या संपूर्ण वाङ्मयाला तिच्याइतके समर्पक उत्तर दुसरे नाही. आर्गेदास जन्मला तो १९११ मध्ये, म्हणजे बिंगहॅमच्याच वर्षी. सावत्र आईच्या घरी स्वयंपाकघरातील केचुआ नोकरांत वाढला, आणि ती भाषा त्याला स्पॅनिशइतकीच जवळची झाली. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात चौदा वर्षांचा एर्नेस्तो वडिलांबरोबर कुस्कोस येतो. श्रीमंत नातलग त्यांना खेचरवाल्यांच्या जागेत उतरवितो. रात्री मुलगा इंकांच्या भिंतीपाशी जातो, दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवितो, आणि त्याला ते दगड नदीसारखे हलताना, वाहताना भासतात. पुरात लाल झालेल्या नदीसाठी असलेले केचुआ शब्द त्याच्या मनात येतात. रक्त आणि नदी या दोन शब्दांचा तो जोड आहे.

बिंगहॅमची भिंत शोधाची वस्तू होती आणि नेरूदाची प्रश्नाची. आर्गेदासची भिंत बोलती आहे, कारण तिच्याशी बोलावयाची भाषा मुलाला येते. परंतु आर्गेदास येथे थांबत नाही, हेच त्याचे मोठेपण. त्याच घरात एक ‘पोंगो’ आहे, म्हणजे जागीरदाराचा वेठीस धरलेला अनवाणी नोकर. तो वाकून उभा राहतो, नजर वर उचलीत नाही, विचारले तरी बोलत नाही. भिंतीचे दगड बोलतात आणि त्या भिंती बांधणाऱ्यांचा वंशज मुका झालेला आहे, हे एकाच प्रकरणात, एकाच मुलाच्या नजरेने आर्गेदास दाखवितो. त्यावर भाष्य करीत नाही. गतवैभवाच्या भक्तीत रममाण होण्याची जी सोय नेरूदालाही पुरतेपणी टाळता आली नाही, ती येथे वाचकाला मिळतच नाही. आमच्या मते या वाटेकडे नेणाऱ्या ललित वाङ्मयात ही कादंबरी अग्रस्थानी ठेवावी लागेल. तिचे इंग्रजी भाषांतर १९७८ मध्ये झाले असून ते चांगले आहे.

आता राहिला तो ओझेवाला स्वतः. त्याचेही एक पुस्तक आहे, आणि प्रवाशांच्या पुस्तकांच्या ढिगाखाली ते झाकले गेले आहे. ग्रेगोरियो कोंदोरी मामानी हा कुस्को शहरातील हमाल. बाजारात आणि रेल्वेस्थानकावर दोरखंड खांद्यावर टाकून गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्यांपैकी एक. रिकार्दो वाल्देर्रामा आणि कार्मेन एस्कालान्ते या संशोधक दांपत्याने त्याच्याकडून केचुआ भाषेत त्याची जीवनकथा ऐकली, ध्वनिमुद्रित केली, आणि १९७७ मध्ये केचुआ व स्पॅनिश अशी दोन्ही रूपे एकत्र छापली. पुस्तकाचा उत्तरार्ध त्याच्या बायकोच्या, आसुन्ता किस्पे वामान हिच्या तोंडून आलेला आहे. १९९६ मध्ये त्याचे इंग्रजीकरण झाले.

पुस्तकाच्या आरंभीच तो आपले नाव आणि गाव सांगतो. निरोपाच्या समारंभातील ओळीत उभ्या राहिलेल्या हमालालाही हेच सांगावयाचे असते. फरक एवढाच की येथे त्यापुढेही तोच बोलत राहतो. पोरकेपण, गुरे राखणे, सैन्यातील मार, तुरुंग, गिरणीतील मजुरी, मुले जगली नाहीत ते दुःख, आणि शेवटी दोरखंड. दारिद्र्याचे प्रदर्शन त्यात नाही. पर्वतदेवतांच्या, विमानाविषयीच्या आश्चर्याच्या आणि मेलेल्यांच्या प्रवासाच्या गोष्टी तो अगदी त्याच स्वरात सांगतो ज्या स्वरात मजुरीचा हिशेब. संपादकांनी या स्वराला हात लावला नाही, ही त्यांची रसिकता होय. आसुन्ताचे कथन अधिक कडवट आणि अधिक नेमके आहे. नवऱ्याने जे सौम्यपणे सोडून दिले ते ती सोडत नाही. आम्हांला तर उत्तरार्धच अधिक आवडला.

या हमालाला इंकांविषयी काय वाटत होते, हे जाणून घेण्याची उत्सुकता वाचकांना असेल. तो त्यांच्याविषयी अभिमानाने बोलतो, पण अवशेषांविषयी नव्हे. त्याची कथा कागदाची आहे. इंकांना कागद आणि लिहिणे ठाऊक नव्हते, असे तो सांगतो. देवाने कागद देऊ केला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही, कारण ते आपले निरोप विकुन्याच्या लोकरीच्या दोऱ्यांनी पाठवीत. वाईट बातमीला काळा दोरा, चांगल्या बातमीला पांढरा. ते दोरे म्हणजे पुस्तकेच होती, पण स्पॅनिश लोकांना ती नको होती.